दुसरी किल्ली कोणाकडे?

(कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या निवासी शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्या भाषणाचा हा संपादित मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. - संपादक मंडळ)



काल रात्री जेवणं झाल्यावर आपण सतरंजीवर गोल करून बसलो आणि प्रत्येकीनं आपापली पर्स उलटी केली. खूप हसलो. कंगवे निघाले, टिकल्यांची पाकिटं निघाली, एसटीची जुनी तिकिटं, मागच्या मोर्चाची पत्रकं, डोकेदुखीच्या गोळ्या, लेकरानं अर्धं खाऊन दिलेलं बिस्कीट. सेफ्टी पिना तर इतक्या निघाल्या की एक दुकान मांडता आलं असतं. आणि चार पेपर स्प्रे निघाले, म्हणजे मिरचीच्या अर्काचे फवारे. त्यातल्या दोनांची मुदत उलटून गेली होती. एकीच्या पर्समध्ये मिरचीपुडीची पुडी होती, ती ओल लागून दगडासारखी झाली होती.

तेव्हा आपल्यातल्या सगळ्यात लहान कार्यकर्तीनं विचारलं, "ताई, मग स्प्रे दोन ठेवायचे का? एक नाही चालला तर दुसरा?"

आपण पुन्हा हसलो. पण नंतर मला झोप लागेना. प्रश्न हसण्यासारखा नव्हता. एसटीला स्टेपनी असते. आपली आजी काडेपेटी संपायच्या आधी दुसरी आणून ठेवायची. डाळीच्या डब्यात तळाशी नोट दडवून ठेवायला आपल्या आयांना कोणी शिकवलं नव्हतं. म्हणजे वेळेला दुसरं काहीतरी हाताशी हवं, हे बायकांना फार पूर्वीपासून कळतं. तर त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मी आज देणार आहे. ते 'हो' असंही नाही आणि 'नाही' असंही नाही. दुसरं काय ठेवायचं, आणि त्याहून महत्त्वाचं, ते कुठं ठेवायचं, याबद्दल मला बोलायचं आहे.

हत्यार दोन नकोत

आधी स्प्रेचं बोलू. मी स्प्रेच्या विरोधात नाही. रात्रपाळीहून येणाऱ्या मुलीला त्यानं धीर येत असेल तर तिनं तो जरूर ठेवावा. पण ती काय वस्तू आहे ते समजून ठेवावा. डब्याच्या आत दाब असतो आणि तो काळानं कमी होतो, म्हणून त्यावर मुदत छापलेली असते. फवारा दोन-तीन मीटरच्या पलीकडे फारसा जात नाही. वारा समोरून असेल तर तो आपल्याच तोंडावर येतो. बंद रिक्षात किंवा जीपमध्ये मारला तर त्याच्याबरोबर आपणही खोकतो, आपलेही डोळे मिटतात. समोरचा दारूच्या नशेत असेल तर तो लगेच थांबेलच असं नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तो पर्सच्या तळाशी असतो. काल चौघींनाही तो शोधायला पर्स उलटी करावी लागली! ज्याला शोधावं लागतं, त्याचा उपयोग होत नाही. मग दुसरा ठेवून काय होणार? पहिला सापडला नाही तर त्याच पर्समधला दुसरा सापडणार आहे का?

म्हणून स्प्रे ठेवायचा तर एक ठेवा. तो हातात किंवा ओढणीखालच्या खिशात राहू दे. मुदत तपासा. एकदा मोकळ्या मैदानात, वाऱ्याकडे पाठ करून, मारून पाहा. मुदत संपलेला डबा फेकायच्या आधी सरावाला वापरता येतो. एवढं केलं की त्या वस्तूचा विषय संपला. विमानात तो बरोबरच्या पर्समध्ये नेता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

चाकूचं वेगळं आहे. २०१३ च्या जानेवारीत, दिल्लीच्या घटनेनंतर महिनाभरानं, मुंबईत एका राजकीय पक्षानं बायकांना चाकू वाटले होते. वाटणाऱ्यांना वाटलं, प्रश्न सुटला. पण ज्याच्या हातात जोर जास्त त्याच्याकडे चाकू जायला क्षण लागत नाही. दुसरा चाकू म्हणजे त्याच्यासाठी दुसरं हत्यार. शिवाय कायदा पाहा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांत मोडतात. घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. पण सण, निवडणुका, मोर्चे असले की महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदी-शस्त्रबंदीचे आदेश निघतात, तेव्हा साधी काठी घेऊन फिरणंही गुन्हा ठरू शकतं. पर्समध्ये चाकू सापडला तर चांगल्या घरची बाई 'स्वसंरक्षणासाठी' म्हणून सुटेल. पारधी वस्तीवरच्या बाईच्या कमरेला तोच चाकू सापडला तर काय होईल, हे मला या शिबिरात सांगायची गरज नाही.

स्वतःचा बचाव करण्याचा हक्क मात्र आपल्याला आहे आणि तो नीट माहीत हवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काबद्दल आहेत. जुन्या दंड संहितेत ती ९६ ते १०६ होती. बलात्काराच्या हेतूनं हल्ला झाला, कोणी ॲसिड फेकलं किंवा फेकू पाहिलं, तर प्रतिकारात हल्लेखोराचा जीव गेला तरी कायदा त्या बाईला संरक्षण देतो. मात्र गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर तिकडे जायचं, ही त्याची मर्यादा आहे. या हक्कासाठी पर्समध्ये काही असावं लागत नाही. दात, नखं, चप्पल, पाण्याची बाटली, जे हाताला लागेल ते चालतं.

'दुसरा का नव्हता?'

आता आपल्याच मैत्रिणींचा एक आक्षेप. त्या म्हणतात, "हे सगळं बायकांच्याच गळ्यात कशाला? बाईनं शिट्टी ठेवायची, स्प्रे ठेवायचा, वेळेत घरी यायचं. पुरुषानं काय करायचं?" हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. परवापर्यंत पोलीस ठाण्यात विचारायचे, "एकटी का गेलीस?" आता विचारतील, "स्प्रे का नव्हता?" आपण दोन-दोन वाटायला लागलो तर विचारतील, "दुसरा का नव्हता?"

हे काल्पनिक नाही. आपल्या महाराष्ट्रातच घडलेलं मथुरा प्रकरण आठवा. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका कोवळ्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं. तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, तिनं आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती होती, असा त्या निकालाचा सूर होता. १९७९ साली उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चौघा कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, आणि १९८० मध्ये देशभर बायका रस्त्यावर आल्या. आपल्यातल्या कितीतरी जणी त्याच लाटेत चळवळीत आल्या. १९८३ साली कायदा बदलला. २०१३ च्या दुरुस्तीत तर स्पष्ट लिहिलं गेलं की बाईनं शरीरानं प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असं मानता येणार नाही. ती तरतूद न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही आहे.

म्हणून आपली भूमिका पक्की असू द्या. तयारी ही बाईची सोय आहे, तिच्यावरची अट नाही. जिनं काहीच ठेवलं नव्हतं, जी ओरडली नाही, जी भीतीनं गोठून गेली, तिच्याही बाजूनं आपण तितक्याच ठामपणे उभ्या राहू. हे एकदा मनाशी ठरवलं की तयारीबद्दल मोकळेपणानं बोलता येतं.

आणखी एक गोष्ट. पर्समधली सगळी हत्यारं अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी माणसासाठी असतात. पण राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो. मामाच्या पोरावर, शेजाऱ्यावर, लग्नाचं वचन देणाऱ्यावर कोणी पर्स उघडून स्प्रे रोखत नाही. कॅनडात तीन विद्यापीठांतल्या सुमारे नऊशे मुलींवर एक अभ्यास झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला नुसती माहितीपत्रकं दिली. दुसऱ्या गटाची तीन-तीन तासांची चार सत्रं घेतली. त्यात हत्यारं नव्हती. ओळखीच्या पुरुषाच्या वागण्यातला धोका लवकर कसा ओळखायचा, 'त्याला वाईट वाटेल' ही आपल्याच मनातली अडचण कशी ओलांडायची, आवाज आणि अंग कसं वापरायचं, हे शिकवलं. वर्षभरात पहिल्या गटातल्या ९.८ टक्के मुलींवर बलात्कार झाला होता, दुसऱ्या गटात ५.२ टक्के. जवळजवळ निम्मा फरक. हे लक्षात घ्या आणि वस्तू वाटण्याच्या कार्यक्रमापेक्षा असं शिबिर घेण्यावर पैसे खर्च करा. स्प्रेच्या एका डब्याला शेतमजूर बाईची जवळपास एका दिवसाची मजुरी जाते.

काय दुसरं हवं

तर हत्यार दुसरं नको. मग काय हवं? ज्याच्याशिवाय आपल्याला तिथून निघता येणार नाही, ते ते दुसरं हवं.

पहिला फोन. आज आपलं सगळं एका फोनात आहे. नंबर त्यात, पैसे त्यात, तिकीट त्यात, आधार त्यात. तो हिसकला, पडला, पाण्यात गेला किंवा नुसती बॅटरी संपली, की आपण एकाच वेळी मुक्या, कंगाल आणि बिनओळखीच्या होतो. काल मी विचारलं, आपल्या घरच्या सोडून कुणाचा नंबर पाठ आहे? तिघींचे हात वर आले. आपल्या आयांना शेजारच्या वाण्याचा नंबर पाठ असायचा! तेव्हा दोन नंबर तोंडपाठ करा, एक घराबाहेरच्या माणसाचा आणि एक संघटनेचा. तेच दोन्ही नंबर कागदावर लिहून तो कागद फोनच्या कव्हरमध्ये नव्हे, दुसरीकडे ठेवा. एक छोटी पॉवर बँक घ्या. ११२ हा तातडीचा आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर मुलींनाही पाठ हवा. फोन कुलूपबंद असला तरी ११२ लागतो. २०१७ पासून देशात विकल्या जाणाऱ्या फोनांत तातडीचं बटन सक्तीचं केलं आहे. साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं. स्मार्टफोनवर पॉवरचं बटन पटापट तीनदा, काहींत पाचदा दाबायचं. आपल्या फोनला कसं आहे ते आज जेवणाच्या सुट्टीत बघून घ्या.

दुसरे पैसे. रोख, दोन ठिकाणी. एक पर्समध्ये, दुसरे ब्लाउजमध्ये, चपलेत, डब्याच्या पिशवीत, जिथं तुमची सोय असेल तिथं. पाचशेची एक नोट ठेवू नका, रात्री रिक्षावाल्याकडे सुटे नसतात. पन्नास-शंभरच्या नोटा ठेवा. २०२३ च्या मार्चमध्ये एसटीत बायकांना अर्ध्या तिकिटाची सवलत आली, तेव्हापासून तेवढ्यात माहेर गाठता येतं.

मग किल्ली, चष्मा आणि औषध. हसू नका. चष्मा फुटला की मला बसची पाटी वाचता येत नाही. दम्याचा पंप, साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या चार दिवसांच्या गोळ्या, पाळीचं कापड किंवा पॅड, एक छोटी बॅटरी. बॅटरीचे सेल आत घालून महिनोन्महिने ठेवू नका, ते पाझरतात, वेगळे ठेवा. शिट्टी ठेवायची तर गळ्यात किंवा किल्लीला अडकवा.

आणि या सगळ्याला एकच नियम लावा, तो मी दोनदा सांगते. दुसरं ते पहिल्याबरोबर ठेवायचं नाही. दुसरं ते पहिल्याबरोबर ठेवायचं नाही! एकाच पर्समध्ये दोन नोटा, दोन किल्ल्या, दोन फोन असले तरी पर्स गेली की सगळं जातं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण-महाडला घराघरात पाणी शिरलं, तेव्हा हेच झालं. कागद होते, त्यांच्या झेरॉक्सही होत्या. पण मूळ कागद आणि झेरॉक्स एकाच ट्रंकेत होते.

पलंगाखालची पिशवी

आता मी जे बोलणार आहे ते मुख्यतः आपल्या केंद्रांवर येणाऱ्या बायकांबद्दल आहे. कारण ज्या बाईला सगळ्यात जास्त धोका आहे, तिचा धोका रस्त्यावर नाही, घरात आहे. तिला पर्स घेऊन बाहेर पडायला मिळालं तरी पुष्कळ.

मार सुरू होतो तेव्हा बहुतेक वेळा तो आधी फोन फोडतो. हे आम्ही इतक्या जणींकडून ऐकलं आहे की आता पहिल्या भेटीतच विचारतो, "फोन गेला तर काय करशील?" म्हणून आम्ही बायकांना निघायच्या पिशवीबद्दल सांगायचो. आधार, रेशनकार्ड, लग्नाचा दाखला किंवा फोटो, मुलांचे जन्माचे आणि शाळेचे दाखले, जातीचा दाखला, बँकेचं पासबुक, सातबारा किंवा घरपट्टीची पावती, दवाखान्याचे कागद, आधी दिलेल्या तक्रारींच्या प्रती, मुलांचा एक-एक कपड्याचा जोड, चार पैसे. सगळं एका पिशवीत भरून तयार ठेव.

एकीनं तसंच केलं. पिशवी पलंगाखाली ठेवली. सासूनं झाडू मारताना ती ओढून काढली. संध्याकाळी नवऱ्यानं एकेक कागद तिच्यासमोर चुलीत घातला, आणि मग तिला मारलं. ती पिशवी म्हणजे तिच्या 'पळून जाण्याचा' पुरावा ठरली. आम्ही चांगल्या हेतूनं दिलेला सल्ला तिच्या अंगावर उलटला.

तेव्हापासून आम्ही सांगणं बदललं. पिशवी घरात नको. मूळ कागद एकदम हलवू नका, जागा रिकामी दिसते. आधी प्रती काढा, त्या घराबाहेर जाऊ द्या, अशा ठिकाणी की जिथं त्याचा हात पोचत नाही. मावशीकडे, शिलाईच्या बाईकडे, अंगणवाडीताईकडे, केंद्रावर. माहेर प्रत्येक वेळी सुरक्षित असतंच असं नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

आणि फोनात काढलेला फोटो म्हणजे प्रत झाली असं समजू नका. कितीतरी घरांत बायकोच्या फोनचं खातं नवऱ्यानं उघडून दिलेलं असतं. तिनं काढलेला फोटो त्याच्या फोनवर आपोआप दिसतो, ती कुठं आहे तेही दिसतं. पासबुक तिच्या नावाचं, पण बँकेला दिलेला मोबाईल नंबर त्याचा, हे तर आम्ही सतत पाहतो. मग पैसे काढले की संदेश त्याला जातो, ओटीपी त्याच्याकडे येतो. म्हणून दुसरी वस्तू कोणती, असं कोणी मला एका शब्दात विचारलं तर मी म्हणेन, दुसरा नंबर. स्वतःच्या नावाचा, स्वतःच्या ताब्यातला. आधारला आणि बँकेला तो जोडून घेणं हे आपल्या केंद्राचं काम समजा.

निघाली म्हणजे हक्क सोडला, असं नाही, हेही तिला सांगत चला. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात कलम १७ खाली तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे. कलम १९ खाली न्यायदंडाधिकारी तिचं स्त्रीधन आणि तिच्या वस्तू परत द्यायला सांगू शकतात. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी ते सामायिक घर असू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली सतीश चंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या खटल्यात म्हटलं आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे घटनेचा अहवाल नोंदवला तर त्याची प्रतही तिच्या पाकिटात गेली पाहिजे.

माझ्याकडची किल्ली

इथपर्यंत मी तुम्हाला शहाणपण सांगितलं. आता माझं सांगते, कारण त्याशिवाय हे बोलणं खोटं ठरेल.

पिशवीचा प्रकार झाल्यावर आम्ही केंद्रात एक लोखंडी कपाट घेतलं. बायकांनी त्यात पाकिटं ठेवायची. वर नाव नाही, नुसता नंबर. आत प्रती, थोडे पैसे, कुणाची एखादी बोरमाळ. कपाटाची किल्ली माझ्याकडे. दुसरी किल्ली कपाटाबरोबर आली होती, ती मी हरवू नये म्हणून कपाटातच आतल्या कप्प्यात ठेवली होती. तुम्ही आता हसताय, पण तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

एका शनिवारी संध्याकाळी एक बाई धाकट्या पोराला घेऊन केंद्रावर आली. अंगावरच्या साडीनिशी निघाली होती. तिचं पाकीट आमच्याकडे होतं आणि त्यात दोन हजार रुपये होते, तिनं आठ महिने साठवलेले. बहिणीच्या गावची शेवटची एसटी सव्वाआठची. केंद्रात त्या वेळी एक नवीन मुलगी होती. किल्ली माझ्याकडे, आणि मी पुतणीच्या लग्नाला शंभर किलोमीटरवर. मंगल कार्यालयात बँड वाजत होता, माझा फोन खोलीत पर्समध्ये होता. त्या मुलीनं मला अकरा फोन केले. तिच्याकडे स्वतःचे साठ रुपये होते, तेही तिनं देऊ केले. शेजारी जाऊन उसने मागावेत हे तिला सुचलं नाही, आणि आम्ही तिला ते कधी शिकवलंही नव्हतं. सव्वाआठची गाडी गेली. पोर रडत होतं, भुकेलं होतं. नऊ वाजता ती बाई म्हणाली, "असू द्या ताई, त्याचा राग शांत झाला असंल," आणि परत गेली.

तो शांत झाला नव्हता. पुढचं मी सांगत नाही. ती आज वेगळी राहते, शिवणकाम करते, मुलगा शाळेत आहे. पण तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही. मला भेटते तेव्हा ती माझ्या डावीकडे येऊन बसते, म्हणजे तिचा चांगला कान माझ्याकडे राहतो. तिनं मला कधी एका शब्दानं बोल लावलेला नाही.

तिच्याकडे दुसरं सगळं होतं. पैसे होते, ते घराबाहेर होते, त्याच्या हाताबाहेर होते. जे जे मी आज तुम्हाला सांगितलं ते सगळं तिनं केलं होतं. कमी पडलो ते आम्ही. तिनं तिची जबाबदारी पार पाडली आणि ती आमच्या एका किल्लीवर अडली.

म्हणून त्या लहान मैत्रिणीला माझं उत्तर हे आहे. पोरी, तू दुसरा स्प्रे घेऊ नकोस. तू दुसरी किल्ली हो.

आम्ही आता काय करतो ते सांगून थांबते. कपाटाच्या तीन किल्ल्या तिघींकडे, तीन वेगळ्या घरांत. तिघींपैकी दोघी एकाच वेळी गावाबाहेर जायचं नाही. लग्न असो की संघटनेचं अधिवेशन. केंद्राच्या दारावर दोन नंबर, एक कायम चालू. कपाटाबाहेर एका डब्यात हजार रुपयांच्या सुट्या नोटा. त्यातून कुणालाही, काही न विचारता, वहीत फक्त आकडा लिहून द्यायचे. शेवटची एसटी चुकली तर त्या रात्री कुणाच्या घरी झोपायचं, अशी दोन घरं ठरलेली, आणि त्या घरांतल्या बायकांची आधीच संमती घेतलेली. नवी कार्यकर्ती आली की पहिल्याच आठवड्यात तिला हे सगळं दाखवायचं. दर तीन महिन्यांनी बैठकीच्या सुरुवातीला दहा मिनिटं यासाठीच. किल्ल्या आहेत का, नंबर लागतात का, पैसे आहेत का, स्वतः करून पाहायचं. सत्यशोधनासाठी गावात जातानाही तसंच. कमीत कमी दोघी जायच्या, मागं राहणारीला गावाचं नाव आणि परतायची वेळ सांगायची, ठरलेल्या वेळी फोन आला नाही तर तिनं काय करायचं तेही आधी ठरवायचं.

यात काही मोठं नाही. पैसाही फारसा लागत नाही. पण आपण मोर्चाची तयारी जितकी नेटानं करतो, तितक्या नेटानं ही करत नाही, हे मी माझ्यावरून सांगते.

आता चहा येईल. त्याआधी प्रत्येक केंद्राच्या मैत्रिणींनी आपापल्यात बसा आणि एकाच प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहा. आज, या क्षणी, आपण सगळ्या इथं शिबिरात असताना, केंद्राची किल्ली कोणाकडे आहे? आणि ती इथंच, या मांडवात असेल, तर चहा नंतर घ्या. आधी फोन करा.